गार अंडं

मिस्त्रींच्या बायकोला सगळी गल्ली मिस्त्रीणबाई म्हणते. बाईंनी आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. नवऱ्याच्या शर्टातला भुसा झटकला, एवढीच त्यांची सुतारकी.

आजारपणात मिस्त्रींचा उजवा हात लुळा पडला. तो जरा हलायला लागल्यावर डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. बाईंनी लगेच तक्रार केली, "अहो, कोंबड्या सरपणात अंडी घालतात. शोधता शोधता माझी कंबर जाते. खोकी करा की त्यांना."

मिस्त्रींनी कुथत कुथत तीन खोकी केली. अंडं घरंगळू नये म्हणून पुढे बुटकी पट्टी, आत भाताचा पेंढा. परसात भिंतीला लावली. कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अंडी सरपणातच.

"कोंबडीलासुद्धा कळतं, हात गेलाय ते," मिस्त्री म्हणाले. "हत्यारं विकून टाकू."

हत्यारं गेली की हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. सकाळी त्यांनी गुपचूप एक अंडं खोक्यात ठेवलं आणि आरडाओरडा केला, "अहो, आलं बघा!"

मिस्त्रींनी अंडं उचललं. "कोंबडी फ्रीजमध्ये बसली होती का गं?"

बाईंचा चेहरा पडला. मिस्त्रींनी अंडं होतं तिथेच ठेवलं आणि आत गेले. बाईंना वाटलं, करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पण नकटी कोंबडी तिथेच घुटमळत होती. तिनं मान लांबवून खोक्यात पाहिलं. कुणीतरी आधीच घालून गेलंय म्हटल्यावर तिचा जीव राहीना. आत शिरली, पेंढा उकरला, बसली. बाई ओलं धुणं हातात धरून तशाच उभ्या. बऱ्याच वेळानं नकटी बोंबलत बाहेर आली.

मिस्त्री धावत आले. उजवाच हात आत घातला. दोन अंडी. "हे गरम आहे," ते हळूच म्हणाले. मग एकदम खेकसले, "वर उतरती फळी हवी. नाहीतर रात्री खोक्यांवर बसून घाण करतील. करवत आण!"

दुपारभर ठोकाठोक चालली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अहो मिस्त्री, माणसांनी झोपायचं कधी?"

मिस्त्रीणबाई आत जमिनीवर पदर अंथरून घोरत होत्या.