आसारामचा खोकला

बीड जिल्ह्यातल्या कडा गावाकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आसाराम परिचर होता, अन् गेली सव्वीस वर्षं तो खोकत होता. दमा नाही, तंबाखू नाही. खोकला यायचा तो फक्त प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी.

त्या दिवशी पोरांना नंबर टाकलेल्या बाटलीतून पांढरी पूड मिळते, अन् ती कशाची हे तपासून सांगायचं असतं. बाटल्या भरणार आसाराम, यादी लिहिणार आसाराम. मग फडकं घेऊन तो टेबलांमधून फिरायचा. एकदा खोकला की क्लोराईड, दोनदा सल्फेट, तीनदा नायट्रेट. बदल्यात चहाचा घोटही घ्यायचा नाही. परीक्षेआधी पोरांनी मागंमागं फिरावं, "काका, ध्यान असू द्या" म्हणावं, बस्स!

"माझ्या खोकल्यावर दोन मास्तर अन् एक सरपंच झालाय," तो बायकोला सांगायचा.

"तरीच शाळा अन् गाव असं चाललंय," मंगल म्हणायची.

यंदा संस्कृती मॅडम आल्या अन् सगळंच बिघडलं. त्यांनी दुसऱ्या वर्षाचा मोबाईलवर ग्रुप काढला. चौघांनी प्रयोग करायचा, व्हिडिओ टाकायचा, बाकीच्यांनी चुका काढायच्या. नुसतं उत्तर चालणार नाही. कशावरून, ते सांगायचं. पहिल्याच आठवड्यात लखन नावाच्या पोरानं आपल्या पुढारी भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर टाकला, 'तरुणांचे आशास्थान'. मॅडमनी खाली लिहिलं, "कशावरून?"

सगळ्यात चिवट होती ऋतुजा. मेंढपाळाची पोरगी. सकाळी कॉलेज, दुपारी माळावर मेंढरांमागं, अन् तिथूनच तिचे आवाजी मेसेज यायचे, "लखन, तू ॲसिड एकदम ओतलंस, म्हणून चुकलं." मागून मेंढ्या ओरडायच्या. पोरं म्हणायची, मेंढ्यांना कळलं, लखनला कळंना. बापानं तिला बजावलं होतं, "पास झालीस तर होस्टेलात ऱ्हा. न्हाईतर दिवाळीनंतर कळपासंगं चल."

आसारामलाही ग्रुपवर घेतलं होतं, पण त्याला विचारतो कोण? परीक्षा आठवड्यावर आली तरी एक पोरगं मागं फिरेना. त्याला लई लागलं. एका दुपारी ग्रुपवर एक पूड कशाची यावरून भांडण जुंपलं, तेव्हा त्यानं बटण दाबलं अन् तीनदा खोकून पाठवलं.

पहिलं उत्तर मॅडमचंच आलं. "काका, तब्येत सांभाळा." पोरांना खोकल्याचा अर्थ पाठ होता, पण मॅडमपुढं बोलणार कोण? मुकाट्यानं अडतीस जणांनी "काका, काळजी घ्या" पाठवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी औषधाची बाटली आणली, ऋतुजाच्या बापानं अडुळशाचा पाला धाडला. सव्वीस वर्षांची विद्या, अन् तिच्यावर काढा!

परीक्षेच्या सकाळी तो बाटल्या भरत होता, तरी फोन वाजतच होता. "काका, खोकला कसा आहे?" फणफणतच त्यानं बरण्यांमधून बाटल्या भरल्या.

परीक्षेला सगळ्यांचे मोबाईल कपाटात गेले, किल्ली आसारामच्या खिशात. आता या म्हणावं! ऋतुजाला सात नंबरची बाटली आली. सात म्हणजे क्लोराईड. तो तिच्या मागं उभा राहून एकदा खोकला. पोरीनं मान वर केली नाही. तो आणखी एकदा खोकला. शेजारी लखननं बरोबर आलेलं उत्तर खोडलं अन् सल्फेट लिहिलं.

ऋतुजानं क्लोराईड तपासलं. काही निघालं नाही. मग दुसरी चाचणी केली, अन् नळीत तपकिरी कडं उमटलं. तिनं लिहिलं, नायट्रेट.

बीडहून आलेल्या परीक्षक सरांनी यादी पाहिली. "चूक. क्लोराईड आहे."

"न्हाई सर. परत करून दाखवू का?"

"यादी इथं आहे, बाई."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ती नळी खाली ठेवली नाही. आसारामनं नळीतल्या त्या तपकिरी कड्याकडं पाहिलं. असली कडी त्यानं हजार वेळा धुतली होती. हे नायट्रेटच होतं! बरणी चुकली होती, आपलीच. बोलावं तर सव्वीस वर्षांचं नाव जाणार. न बोलावं तर ही पोर मेंढरांमागं जाणार. त्याला बोलायचं होतं, पण घशातून निघाला तो खोकला. एक, दोन, तीन.

वर्गातल्या सहा जणांनी ताबडतोब उत्तरं खोडली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, यादी चुकली. सातमधी नायट्रेटच हाय."

"कशावरून?" हे मात्र मॅडमनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला कारण विचारत होतं. तो कपाटाकडं गेला अन् क्लोराईड, नायट्रेट अशा दोन्ही बरण्या घेऊन आला. "क्लोराईडची जुनी बरणी संपली, ही काल नवी आली. तिचं सील अजून फुटलं न्हाई, मॅडम. मग बाटलीत क्लोराईड येईल कुठून? चूक माझी हाय. पोरीची न्हाई."

सरांनी सील निरखून पाहिलं, यादीवर काट मारली अन् ऋतुजाला पूर्ण गुण दिले. आसारामला मेमो मिळाला.

संध्याकाळी ग्रुपवर आसारामचा आवाज आला. पोरांनी घाबरतच ऐकलं. "पोरांनो, औंदापासून खोकला बंद. काय इच्यारायचं ते आधी इच्यारा."

लगेच ऋतुजाचा मेसेज आला. "काका, ते कडं तपकिरीच कशामुळं येतं?"

आसाराम फोनकडं बघत बसला. हजार कडी धुतली, पण हे कधी मनातही आलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं. घसा खवखवायला लागला होता. त्यानं आवंढा गिळला.

"मला म्हाईत न्हाई, पोरी. तू सांग."

मग मेंढ्यांच्या गलक्यातून ऋतुजा सांगत राहिली, अन् आसारामनं तो मेसेज तीनदा ऐकला.