डोर्टेचं शून्य

माझी मुलगी डोर्टे एकोणतीस वर्षांची आहे. इथे जर्मनीत, बोखुमच्या विद्यापीठात गणिताचा प्रबंध लिहिते, बुधवारी पोहते आणि अजूनही पावाची कड आधी खाते. कुणाशी भांडत नाही. तिचे वडील खाणीत मोजणीदार होते. ते गेल्यापासून आम्ही दोघीच.

तिचा विषय तिने मला एकदा जेवताना समजावला होता. काही अवकाश असे असतात, की कुठल्याही बिंदूवरून पाहा, सारखेच दिसतात. त्यांच्या प्रत्येक बिंदूवर एकेक रेषा उभी करायची, की झालं लाइन बंडल. मग कुठे काय अडतं ते पायरीपायरीने मोजायचं. ही कोहोमॉलॉजी.

"गंमत म्हणजे आई, एक तर सगळ्या पायऱ्यांवर शून्य येतं, नाहीतर एकाच पायरीवर काहीतरी उरतं. मधलं काही नाही."

तिच्या बंडलाला सगळीकडे शून्य येत होतं. त्या शून्यावर चौथा अध्याय उभा होता, आणि त्या अध्यायावर म्युन्स्टरच्या विद्यापीठाने देऊ केलेली नोकरी.

परवा चर्चासत्रात तिचं व्याख्यान झालं. मीही मागे जाऊन बसले. व्याख्यान संपलं की इथे टाळ्या नसतात, बाकावर बोटांनी ठकठक करतात. हात उचलले गेले, तेवढ्यात पाहुणे म्हणून आलेले डॉक्टर व्हिटकोप म्हणाले, "एक बारीक शंका. सुरुवातीला तुम्ही धन बाजू कुठली धरलीत?"

तिने सांगितलं.

"आणि हे सूत्र ज्या पुस्तकातलं आहे, त्यात?"

या विषयात अर्धी पुस्तकं एक बाजू धन मानतात, अर्धी नेमकी उलटी. तिने दोन्हींतलं घेतलं होतं. मिळवायचं ते वजा केलं होतं. तिने फळा पुसला आणि पुन्हा हिशेब मांडला. तिसऱ्या पायरीवर काहीतरी उरलं.

"म्हणजे माझं प्रमेय खोटं आहे," ती म्हणाली. बस चुकली म्हणावं, तशी.

कुणीच ठकठक केली नाही.

बाहेर तिचे प्राध्यापक टेकेनब्रोक म्हणाले, "चौथा अध्याय काढून टाका. पदवीला तीन पुरेत. म्युन्स्टरला इतक्यात कळवायची गरज नाही."

"ऐक गं सरांचं," मी म्हटलं.

"त्यांनी मला चौथ्यासाठीच घेतलंय, आई."

"आधी रुजू तर हो. मग सांग."

"शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांना हेच शिकवायचीस का?"

मी लॅटिन शिकवायचे. ती कार्यालयात शिरली, म्युन्स्टरला फोन लावला. उघड्या दारातून ऐकू येत होतं. "शून्य नाही. हो, तिसऱ्या पायरीवर. नाही, डागडुजी होण्यासारखं नाही."

ती बाहेर आली. "जागा दुसऱ्याला देताहेत. मला भूक लागलीये. सगळे इटालियन खाणावळीत चाललेत, येतेस?"

मी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. ती पुढे गेली. जिन्यावर ती व्हिटकोपना विचारत होती, तिसऱ्या पायरीवर जे उरलं ते नेमकं किती मोठं आहे.