भागाजीचा पटका

आमचं हेलिकॉप्टर कुठंही उतरलं की पेशंटसोबत एक किस्सा घेऊनच परतायचं. पेशंट आपापल्या घरी गेले, किस्से माझ्याकडं साचले! एमआयडीसीत नवे कारखाने येत होते, तेव्हाची गोष्ट. कारखानदार, अडते आणि गावोगावची मंडळं, सगळ्यांनी वर्गणी काढून हे भाड्याचं हेलिकॉप्टर चालवलं होतं. खेड्यापाड्यातले पेशंट शहरातल्या दवाखान्यात आणायचं. गावात उतरायची जागा ठरवणं आणि सोबत जाणं, हे माझं काम.

पहिला पेच नावाचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं, आणि आमच्या कमिटीत दोन्हीकडची माणसं. हेलिकॉप्टरवर नाव काय टाकायचं, असा विषय निघाला आणि जो तो आपापल्या चहात बघायला लागला! कोणी तोंड उघडलं असतं तर कमिटी तिथंच मोडली असती. शेवटी नाव रंगवायला पेंट घेऊन आलेले आमचे मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "तो पेंट वापस देके आऊं क्या?" ठराव मंजूर. बिननावाचंच उडालं.

एका गावात बायांनी समोरच्या काचेला एवढं हळदीकुंकू लावलं की कॅप्टनना पुढचं दिसेना. कॅप्टन पुण्याचे, शिस्तीचे. म्हणाले, "पुसा ते."

"अगं बाई! कुंकू पुसायचं?" बाया हटेनात.

मग आमच्या डॉक्टरबाई पुढं झाल्या. "बरं, आंघोळ तरी घालू द्याल का त्याला?" बायांनीच घागरी आणल्या.

दौलताबादला किल्ल्याखालच्या माळावर भागाजी मेंढरं चारायचा. माळ रिकामा करून द्यायचं काम आम्ही त्यालाच दिलं होतं. वारा कुठून येतो हे कॅप्टनना वरून कळावं म्हणून काठीला कापड बांधून दिलं. ते शेळीनं खाल्लं! कॅप्टन म्हणाले, "मग तुमचा पटका सोडून धरा."

भागाजी भडकलाच. "आमच्यात पटका मयताला उतरतो, साहेब! तुमच्या वाऱ्यापायी घरात मयत आणू व्हय?"

त्यानंतर तो मूठ मूठ माती उधळायचा. वरून कप्पाळ दिसणार! कॅप्टन अंदाजानं उतरवायचे आणि खाली आल्यावर माझ्यावर डाफरायचे.

वैजापूरला मार्केट यार्डात उतरलो तर कांद्याची टरफलं आभाळाला गेली. धुरळा बसल्यावर एक अडत्या मिशा झटकत म्हणाला, "साहेब, रोज येत जा. झाडायची कटकट मिटली!"

मग तो बंदचा दिवस. जागोजागी रस्ते अडवलेले. दौलताबादवरून फोन आला, भागाजीची सून अडलीय, मूल आडवं आलंय. लगेच निघालो. वारा असा सुटलेला की मशीन हेलकावे खात होतं. माळ दिसला. टेकाडावर भागाजी उभा, डोकं उघडं, पटका उतरवून हातात घेतलेला.

डॉक्टरबाईंनी पाहिलं. बॅग मांडीवरून खाली ठेवली. "उशीर झाला," एवढंच म्हणाल्या.

कॅप्टननी उतरवलं. बाई सावकाश उतरल्या, तसा भागाजी लांबूनच ओरडला, "अवं बाई, पळा की! जित्ती हाय पोरगी! तुम्हाला वारं दाखवायलो!"

बाई पळत सुटल्या. आम्ही स्ट्रेचर नेलं, सुनेला आणून आत घेतलं. भागाजी तिथंच होता, दोन्ही हात वर, लाल पटका फडफडतोय. मी म्हणालो, "भागाजी, बांधा आता डोक्याला."

"आत्ताच कसा?" तो म्हणाला. "उडायचं ऱ्हायलंय की अजून!"