दार बघून भाव

किल्लीकाकांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर जेमतेम एक माणूस मावेल एवढं त्यांचं दुकान. समोर किल्ल्या घासायचं यंत्र, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि मध्ये जगावर डाफरत बसलेले काका. "किल्ली झिजली म्हणून नवी करायला आलात, आणि नमुना म्हणून तीच झिजलेली आणलीत? शाबास!" गिऱ्हाईक ओशाळायचं, पण दुसरीकडे जायचं नाही. काकांनी केलेली किल्ली पहिल्याच फटक्यात फिरायची.

कुणाचं दार अडकलं की काका पिशवी उचलून जायचे. तिथला दर मात्र दार बघून ठरायचा. एका खोलीच्या बिऱ्हाडाला चहापाण्यापुरता, सागवानी दाराच्या बंगल्याला चौपट. "ज्याला झेपतं त्यानं द्यावं," असं ते छाती पुढे काढून सांगायचे. त्यावर बायको म्हणायची, "तुमचा न्याय तुम्हालाच लखलाभ."

एकुलती एक लेक परदेशात एका वृद्धाश्रमात कामाला होती. देश श्रीमंत, लेक नव्हे. तिघींत मिळून एक खोली, आणि पगार भाड्यातच गडप. बापाचा स्वभाव तिनं जसाच्या तसा उचलला होता, त्यामुळे फोनवरचं बोलणं दुसऱ्याच वाक्याला पेटायचं. "जेवलीस का?" "बाबा, मी काय लहान आहे?" झालं, फोन बंद.

जाताना तिनं आपला जुना कॉम्प्युटर काकांच्या गळ्यात मारला होता आणि त्यावर एक गेम घालून दिला होता. दोघांनी मिळून होडी चालवायची, मासे धरायचे, बेटं शोधायची. ती तिकडे, काका इकडे, होडी एक. दर रविवारी हेडफोन लावून बापलेक समुद्रावर निघायचे. हात गुंतलेले असले की जिभा सैल सुटायच्या. जाळं ओढता ओढता तिचा खोकला कळायचा, तिथल्या साहेबाची कटकट कळायची, कधी कधी रडूही कळायचं. समोरासमोर जे उभ्या जन्मात जमलं नाही ते त्या होडीत जमत होतं.

आणि गेमच्या कंपनीनं जाहीर केलं, महिनाअखेर जुना गेम बंद. खेळायचं असेल तर नवा भाग विकत घ्या.

काकांनी तो त्याच दिवशी घेतला. इथे स्वस्त होता. लेकीच्या देशात तोच गेम, तीच होडी, तेच पाणी, आणि किंमत पाचपट.

"तेवढ्यात माझा पंधरा दिवसांचा किराणा येतो, बाबा. मी नाही घेणार."

"मी पैसे पाठवतो."

"मला नकोत तुमचे पैसे!"

काकांनी डोकं लढवलं. एका किल्लीच्या दोन करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे काय अवघड? इथल्याच भावानं दुसरी प्रत घ्यायची आणि लेकीला भेट म्हणून धाडायची. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: दोन देशांतल्या किमतीत फार तफावत असल्यामुळे ही भेट पाठवता येणार नाही.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोकं नाही, चकती नाही, हमाली नाही, बोटीचं भाडं नाही! तारेतून जाणारा माल, त्याला इकडे एक भाव आणि तिकडे एक? आणि बापानं लेकीला दिलेलं अडवणारे हे कोण टिकोजीराव?"

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही काय वेगळं करता?"

"मी माणूस बघतो!"

"दार बघता."

तेवढ्यात एका बंगल्यावरून बोलावणं आलं. काका धुमसतच गेले. घरचे सगळे गावाला, संध्याकाळी परतणार, आणि दाराबाहेर स्वयंपाकाच्या बाई उभ्या, हातात भाजीची पिशवी. पहारेकऱ्यानं बाईंची ओळख पटवली तेव्हा काकांनी लॅच उघडला. उघडतानाच त्यांना कळलं की त्याचा अडकवायचा खटका झिजला आहे, दार आपोआप लागतंय. पण डोक्यात गेम होता. त्यांनी सवयीनं बंगल्याचा भाव सांगून टाकला.

"एवढे?" बाई म्हणाल्या.

"दार बघा ना केवढं आहे!" काका खेकसले.

बाईंनी आपली छोटी पर्स उघडली, चुरगळलेल्या नोटा सरळ करून दिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मालकीणबाईंना सांगू नका. माझ्याच हातून लागलं म्हणतील." काकांनी ते ऐकलं, आणि पैसे खिशात घालून निघून गेले.

महिनाअखेरीच्या रविवारी होडी भर समुद्रात असतानाच पडदा काळा झाला. पुढच्या रविवारी काका त्या काळ्या पडद्यासमोर नुसतेच बसून राहिले. फोन वाजला.

"काय करताय?"

"बसलोय."

"मीपण."

पुढे भांडायलासुद्धा विषय नव्हता. मग काका एकदम उसळले. "नालायक लेकाचे! अख्ख्या देशाला एक बंगला समजतात. आत माझी लेक तिघींत एका खोलीत राहते, ते कोण बघणार?"

बोलता बोलता त्यांची जीभ अडखळली. ती भाजीची पिशवी डोळ्यांपुढे आली, त्या चुरगळलेल्या नोटा आल्या. काकांना स्वतःचीच भयंकर चीड आली. आडपडदा न ठेवता त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं.



"त्या बाईंच्या जागी मी असते तर, बाबा?"

काकांचा हात खिशाकडे गेला.

"परत केलेत पैसे?"

"उद्या जातो."

"उद्या नाही. आत्ता उठा. मी फोनवर आहे."

काका उठले. फोन शर्टाच्या खिशात चालू ठेवून, वाटेत कंपनीला आणि स्वतःला आळीपाळीनं शिव्या घालत बंगल्यावर पोचले. दार नेमकं मालकीणबाईंनीच उघडलं.

"मी किल्लीवाला," काका लॅच चाचपत म्हणाले. "तुमच्या लॅचचा खटका झिजलाय. दार आपोआप लागतं, त्यात कुणाची चूक नाही. एक दिवस तुम्हीच बाहेर अडकाल."

"अरे बापरे! मग बदलून टाका. किती घ्याल?"

काकांनी ते सागवानी दार खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बंगल्याचा भाव सांगितला, वर रविवारचे जादा. खिशातून कुणीतरी फिसकन हसलं.

काम झाल्यावर मालकीणबाई पैसे आणायला आत वळल्या. तेवढ्यात काका स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, बाईंच्या हातात त्यांच्या नोटा ठेवल्या आणि म्हणाले, "चुकलं माझं." मग बाहेर येऊन त्यांनी फोन कानाला लावला.

"दिले," ते म्हणाले.

"ऐकलं मी," लेक म्हणाली. "होडी गेली तर गेली. पुढच्या रविवारी कुठलं दार, बाबा?"