जाळीबाहेरचा पेला

आधीच सांगते, मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला बल लागतं, हे फळ्यावर लिहून लिहून बोटं झिजली माझी. त्यात आमचं घर बौद्ध. छप्पन्न सालानंतर आमच्याकडे देव्हारा नाही, श्राद्ध नाही, उतारा नाही आणि भूत तर मुळीच नाही. वर्गातलं एखादं पोर "बाई, वडावर हडळ हाय" म्हणालं की मी सगळा वर्ग घेऊन त्याच वडाखाली डबा खायला बसायचे. त्यामुळे आता जे लिहिते आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इतर माणसं अशा वेळी निदान देवऋषाकडे तरी जातात... मी कुठं जाणार होते?

आमचं घर महाळुंगे पडवळला, गावाच्या थोडं अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. एक्क्याण्णव साली माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बांधलं. दोन खोल्या, मागं मोरी आणि पुढं लांबलचक ओटा – जमिनीपासून तीन फूट उंच, शहाबादी फरशीचा, वर पत्रा. ओट्याच्या रस्त्याकडच्या टोकाला आप्पांनी एक मोठा रांजण निम्मा बांधकामातच बसवून घेतला होता. म्हणजे हलवायची सोयच नको. रांजणावर लाकडी झाकण, बाजूला खिळ्याला लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकणावर पालथा घातलेला पितळी पेला. पेल्यावर आप्पांचं नाव कोरलेलं, भांड्याच्या दुकानात कोरून घेतात तसं.

आप्पा पाटबंधारे खात्यात होते, कालव्याचं पाणी शेतांना वाटून द्यायचं काम. पण ते लहान असताना त्यांना तहान लागली की कुणाच्या तरी दारात ओंजळ करून उभं राहावं लागे, आणि वरून कुणीतरी पाणी ओती. अंगावर सांडलेलं ते पाणी म्हातारपणीही विसरले नव्हते. म्हणून आमच्या रांजणाचे दोन कायदे. एक, सकाळी पाणी भरलं की पहिला पेला रस्त्यानं जाणाऱ्याचा, घरच्यांनी त्याच्या आधी प्यायचं नाही. आणि दुसरा – "कुणाला वरून वतायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं." ते स्वतः पाणी घेताना ओगराळं रांजणाच्या काठावर दोनदा आपटायचे, थेंब निथळावेत म्हणून. टक टक. दुपारी दोनच्या सुमाराला हा आवाज आला की आईला कळायचं, आता हे चहा मागणार.

आई आधी गेली, आप्पा अठ्ठ्याण्णव साली गेले. मी लग्न केलं नाही. का केलं नाही तो इथला विषय नाही. शाळा होती तोवर बरं होतं. निवृत्त झाले आणि दिवस एकदम फार मोठा झाला. ओट्यावर पाणी प्यायला थांबणारी माणसं एवढीच काय ती वर्दळ, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही मला कंटाळा यायला लागला होता. फरशीवर मातीचे पाय, तंबाखूच्या पिचकाऱ्या, त्याच त्या गप्पा.

पिंपरीचा धाकटा भाऊ रोज फोनवर मागं लागलेला. तेव्हा आमच्या भागात उसातून बिबटे वस्तीत यायला लागले होते. तो म्हणायचा, आक्का, एकटी राहतेस, ओटा बंद करून घे, काचा बसव, कूलर लाव, बाराही महिने आरामात बसशील. मलाही पटलं. पश्चिमेचं ऊन ओट्यावर असं यायचं की दुपारी फरशीवर पापड भाजावा.

दोन हजार पाचच्या शिमग्यानंतर जुन्नरचे इब्राहिमभाई काम करून गेले. कडेनं फूटभर उंच भिंत, त्यावर बाहेरून लोखंडी जाळी, आतून सरकत्या काचा, पत्र्याखाली थर्माकोल. जाळी किती बारीक ठेवू विचारलं त्यांनी. मी म्हटलं, बिबट्याचा पंजा जायला नको. त्यांनी रांजणाकडे बघून विचारलं, "बाई, ह्ये पानी आतच ऱ्हानार का?" मी म्हटलं, राहू दे, मागेल त्याला मी देईन. ते माप घेत राहिले.

ओटा देखणा झाला. कूलर लागला की खरंच गार व्हायचं. अर्थात कूलरला वीज लागते आणि भारनियमनवाल्यांना हे माहीत असल्यानं ते नेमकी दुपारीच वीज घालवत. पण सकाळची गारठवलेली हवा तासभर तरी आत टिकायची, दार उघडलं नाही तर. म्हणून मी दाराला आतून कुलूपच घालून ठेवायचे.

कांदा काढायला पश्चिमेकडच्या डोंगरातून दरवर्षी एक टोळी येते. त्यातल्या हौसाबाई आप्पांच्या वेळेपासून आमच्या ओट्यावर पाणी प्यायच्या. ओटा बंद झाला त्याच आठवड्यात भर दुपारी त्या आणि आणखी चौघी जाळीपाशी आल्या, पाणी मागितलं. मी पेला भरला, तर जाळीतून जाईना. दार उघडायचं तर सगळी गार हवा जाणार. मग मला एक युक्ती सुचली. चहाची किटली भरली, तिची चोच जाळीतून बाहेर काढली आणि म्हटलं, घ्या. त्या खाली रस्त्याच्या कडेला, मी वर ओट्यावर. पाचही जणी पाणी पिऊन गेल्या. आपल्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं. काच सरकवून मी कोडं सोडवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत जरा आडवी झाले होते. उठून ओट्यावर आले तर रांजणाच्या झाकणावर पेला नाही. शोधाशोध केली. मग काचेतून बाहेर नजर गेली... भिंतीच्या बाहेरच्या कडेवर, जाळीच्या पलीकडे, पेला ठेवलेला. काठोकाठ भरलेला. काच बंद, कुलूप जागेवर आणि किल्ली माझ्या कमरेला.

मी बाहेर जाऊन पेला आणला. आप्पांचं नाव होतं त्यावर, तोच पेला. शाळेतली पट्टी काढली. जाळीचं भोक अडीच इंच, पेल्याचं तोंड सव्वातीन. वाटलं, मीच कधीतरी बाहेर ठेवला असेन, वय झालं.

पण तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. कधी भरलेला, कधी रिकामा करून कुणीतरी पालथा घातलेला. पाचव्या दिवशी मी ठरवून रांजणासमोर खुर्ची टाकली. पेला झाकणावर, माझ्यापासून दोन हातांवर. वीज गेलेली, कूलर बंद, सगळं गप्प. मी पेपर वाचत होते. दोन वाजून गेले असतील.

टक टक.

मी पान उलटत होते, तेवढाच वेळ नजर खाली. वर बघितलं तर ओगराळं खिळ्यालाच होतं, पण त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. झाकण रिकामं. आणि जाळीच्या पलीकडे भरलेला पेला, त्यातलं पाणी अजून हलत होतं.

भीती वाटली का? नाही वाटली. लिहायला लाज वाटते, पण मला रडू आलं आणि बरं वाटलं. सात वर्षांत त्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी केलेला तो पहिला आवाज. त्या दिवशी मी दोन कप चहा टाकला. दुसरा कप कुणी प्यायला नाही, ते मला माहीत होतंच. गार झाल्यावर मीच प्याले.

पुढं मी रोज दोन वाजायची वाट बघू लागले. साडी बदलून बसायचे. भावाचा फोन त्या वेळेला आला तर पटकन ठेवायचे. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. समाजात माझं नाव आहे, विहारात मी अंधश्रद्धेवर भाषणं केली आहेत.

मग एक दिवस पेला आत आणायला बाहेर गेले तर हौसाबाईच त्याच्यापाशी. पाणी पिऊन पेला पालथा घालत होत्या. मला बघून हसल्या. म्हणाल्या, "बाई, त्या दिशी तुमी किटलीनं वंजळीत पानी घातलं ना, लई वाईट वाटलं व्हतं. म्हनलं, आप्पांच्या घरात बी आता आसंच. पन दुसऱ्याच दिवसापासनं पेला भाईर ठिवाया लागला तुमी. तवा जीव निवला."

आप्पांच्या मुलीनं, त्यांच्याच ओट्यावर उभं राहून, त्यांच्याच रांजणातलं पाणी वरून ओतलं होतं. ज्या रीतीनं ते आयुष्यभर जळले तीच. आणि कशासाठी, तर गार हवा जाऊ नये म्हणून! मला ते दिसलंही नव्हतं. हौसाबाईंना मात्र दिसलं होतं. "पेला मी ठेवत नाही" हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. न कमावलेलं श्रेय घेऊन मी आत आले.

काय करायला हवं ते त्याच क्षणी कळलं होतं. जाळी काढायला हवी. पण मी इब्राहिमभाईंना फोन केला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. कारण साधं होतं. जाळी काढली, माणसं आपल्या हातानं पाणी घ्यायला लागली, की मग दोनच्या आवाजाचं काम काय उरणार? बाहेरच्यांची सोय होईल आणि मी परत एकटी. आठ दिवस मी हा स्वार्थ केला. टोळीतल्या नव्या बाया लांबून जाळी बघून पुढं जायच्या, उन्हात, आणि मी आत गारव्यात आवाजाची वाट बघत बसायचे.

नवव्या दिवशी आवाज आला, पण पाठोपाठ थेंबांचा सडा पडल्यासारखं झालं. बघते तर पेला कलंडलेला, पाणी फरशीवर आणि माझ्या पायावर. जाळीच्या आतच. आप्पा रागावले की बोलायचे नाहीत, हातातली वस्तू जरा जोरात ठेवायचे... मी पदरानं फरशी पुसली आणि फोन लावला.

इब्राहिमभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. रांजणासमोरची जाळी आणि काच कापून त्यांनी तिथं रुंद खिडकी केली, पत्र्याचं दार लावलं, संध्याकाळी बंद करता येईल असं. खाली चढायला दोन पायऱ्या. म्हणाले, "पंजाचं सांगितलं व्हतं तुमी, पेल्याचं न्हाई सांगितलं." मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाले, "घर तुमचं बाई. म्या इचारून तर बगितलं व्हतं."

दुपारी हौसाबाई आल्या. पायऱ्या चढून त्यांनी आपल्या हातानं झाकण उघडलं, ओगराळं घातलं, पेला भरून प्याल्या. मग मी प्याले. गार हवा सगळी त्या खिडकीतून निघून गेली. तेव्हापासून आमचा बंद ओटा नावालाच बंद आहे, नि कूलर फुकट फिरतो.

त्या दिवशी दोन वाजले, अडीच वाजले. काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. या गोष्टीला आता चार वर्षं होत आली, पुन्हा कधीच नाही.

पट्टी, कुलूप, थेंब, सगळ्याचा विचार करून झाला. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि विज्ञानाच्या शिक्षिकेनं उत्तर येत नाही म्हणायला लाजू नये असं मीच मुलांना सांगायचे. माणसं येतात, पाणी पितात, दोन शब्द बोलतात, जातात. फरशीवर मातीचे पाय उमटतात, ते मी आता लगेच पुसत नाही. दुपारी दोन वाजता मात्र टीव्हीचा आवाज बारीक करते. मध्यंतरी एकदा न राहवून मीच ओगराळं काठावर दोनदा आपटून पाहिलं.

आवाज तसा येत नाही. मी आप्पांपेक्षा हळू आपटते.