सुमनची सुई आणि माझा हात

चहा जरा खाली ठेवा. ही फजिती ऐकताना आमच्या डोंगरकडा गावात भल्याभल्यांच्या नाकात चहा गेलाय!

माझ्या बायकोला, सुमनला, कॅन्सरसाठी केमो चालू होता. मागच्या खेपेला उलट्यांनी ती पार गळून गेली. घरी आल्यावर म्हणाली, "आता मी पुन्यांदा जायची न्हाई. काय व्हायचं ते होऊ द्या."

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, या वेळी आधी मळमळ थांबवायची सुई देऊ, मग केमो. मी लगेच सुमनला शब्द दिला, "ती सुई तुला भेटल्याबिगर मी तिथून हलनार न्हाई!"

हललो नाही हो! घोटाळा तिथंच तर झाला.

हिंगोलीला एसटीनं जायचं म्हणजे माझे हाल. बाळापूर आलं की पोट ढवळायला लागतं. सुमन मात्र मजेत खिडकीबाहेर बघत होती.

दवाखान्यात काय सांगू, गार हवा, हिरवे पडदे, थेंब थेंब सलाईन. सुमनला मागं कलणारी मऊ खुर्ची मिळाली. तेवढ्यात ती म्हणाली, "मी मोरीकडं जाऊन येते. खुर्ची धरून ठेवा."

एसटीत जागा धरण्यात माझा हात कोण धरणार? मी खुर्चीत बसलो आणि थंडी वाजली म्हणून तिची शाल डोक्यावरून ओढून घेतली.

आणि बघता बघता मी हळदीच्या रानात! हिरवीगार पानं डुलत होती, मी सरीतून अलगद तरंगत होतो, पाय जमिनीला लागतच नव्हते. लांबून कुणीतरी गोड हाक मारली, "सुमनबाई?"

आता आमच्याकडं बायकोला कुणी काही विचारलं, की उत्तर नवऱ्यानं द्यायचं. झोपेत काय सवय सुटते?

"व्हय," मी म्हणालो.

"मळमळतंय का?"

"लई."

"कधीपासून?"

"बाळापूरपासून."

"उलटी झाली?"

"झाली ना, खिडकीतून."

सांगा, यातला एक तरी शब्द खोटा होता?

"हात द्या."

दिला! सिस्टरनं शीर बघायला शाल बाजूला केली आणि किंचाळलीच, "अगं बाई! सुमनबाईंना मिशा?"

मी दचकून उठलो. डोळ्यांपुढं अजून हळदच डुलत होती. "मी तिच्याकडून बोलून राहिलो ना!" मी म्हणालो.

सगळा वॉर्ड हसला, हाताला सलाईन लावलेली माणसंसुद्धा. दारात सुमन उभी होती. "अवं, माह्या खुर्चीत काहून निजले तुमी?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. किती दिवसांनी हसली! मला हसू येईना, रडूच आलं.

मग सुई ज्याची त्याला मिळाली. त्या दिवशी सुमनला उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं चतकोर भाकरी खाल्ली, तेव्हा मी भीत भीत विचारलं, "पुढच्या बारीला येशील ना?"

"जाईन की," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

"पन संग माह्या जावेला नेईन. माही तब्येत सांभाळू, का तुमची?"