रिकाम्या खुर्चीवरचं भाषण

चहा घ्या हो आधी! कोरड्या घशानं ऐकण्यासारखी ही फजिती नाही. आणि मध्ये हसू नका. हसायचं ते शेवटी, सगळ्यांनी मिळून, माझ्यावर.

तुम्हाला ठाऊकच आहे, आम्हा चित्रकार मित्रांचं नालवाडीत व्हिडिओ-कलेचं केंद्र आहे. केंद्र म्हणजे काय? दोन खोल्या, एक लहानसा हॉल, जुने व्हीसीआर आणि बुरशीचा वास! कलाकारांनी केलेल्या जुन्या कॅसेटी आम्ही जमवतो, साफ करतो, संगणकात उतरवतो आणि कॉलेजांना दाखवायला पाठवतो. शेजारचे अजूनही विचारतात, "भाऊ, नवीन पिक्चर कोणता आला?"

केंद्राचा खरा जीव आमचा विलास. मागच्या वर्षी गेला बिचारा. तरुणपणी सगळ्यांत मिळून एकच कॅमेरा होता, आणि हा पठ्ठ्या तो घेऊन तासन्‌तास एखाद्या भिंतीसमोर बसायचा. "विल्या, काऊन बसला बे?" म्हटलं की म्हणायचा, "ऊन सरकून राह्यलं, पाहू दे." त्याच कॅमेऱ्यावर मी पोटासाठी लग्नं काढायचो. काय दिवस होते हो!

विलासच्या बायकोनं त्याची एक कॅसेट पाठवली. त्याच आठवड्यात वडनेरहून नलूताई आल्या. भाजीपाला पिकवणारी, पन्नाशीची बाई. पिशवीतून त्यांनी स्वतःच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, कॅसेट काढली. बुरशीनं पांढरी झालेली.

"भाऊ, याच्यात माहे बाबा असतीन. घरी त्यांचा एक फोटो नाई. नातवाईले दाखवाचे हायेत. निघन का काई?"

"निघेल ताई. रविवारी या."

आता आमची पद्धत ऐका. बुरशीची फीत जुन्या प्लास्टिकच्या डबीतून काढायची, पुसायची, नव्या डबीत बसवायची. नावाची चिठ्ठी मात्र जुन्या डबीवरच राहते. म्हणून नव्यावर लगेच नाव लिहायचं, हा नियम मीच केलेला. दोन्ही फिती मी एकाच दुपारी साफ केल्या आणि चहाला गेलो. अहो, नियम करणाऱ्यालाही चहा लागतोच की! आल्यावर अंदाजानं नावं लिहिली.

मग विलासची म्हणून एक लावली. जुनी फीत उगाच मागेपुढे पळवली तर तुटते, म्हणून होती तिथूनच सुरू केली. एक अंगण. मधोमध लाकडी खुर्ची. रिकामी! कितीतरी वेळ रिकामीच. लांबून भांड्यांचा आवाज. एक कोंबडी आली, गेली. शेवटी धोतरातले एक गृहस्थ आले, खुर्चीत टेकले, टोपीनं तोंड पुसलं आणि नुसते बसून राहिले. फीत संपली.

माझ्या डोळ्यांत पाणी. हा विल्याच! दुसऱ्या कुणाला एवढा धीर आहे? मग दुसरी फीत कशाला बघू? ती नलूताईंची, हे उघडच होतं.

रविवारी विल्याची फीत दाखवायची म्हणून हॉल भरला. मित्रमंडळी, सावंगीच्या मेडिकल कॉलेजची पोरं, मागच्या रांगेत नलूताई. फीत मी खुर्चीपर्यंतच मागे घेऊन ठेवली होती. माईक घेतला. खुर्ची दिसताच म्हणालो, "इथे माणसाचं एकटेपण बसलं आहे!" टाळ्या. "ही कोंबडी म्हणजे काळ!" पुन्हा टाळ्या. मग काय, मला चेवच चढला. गृहस्थ टेकले तसा मी ओरडलो, "या नटाचा थकवा पाहा! असा अभिनय…"

"एक्टिंग नाई करून राह्यले ते!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नलूताई उभ्या होत्या.

"ते माहे बाबा होत. दमले हायेत. पहाटपासून पाहुण्याईच्या मांगं पळत होते."

मी माईक खाली घेतला. तरी तोरा जाईना. म्हटलं, "पण ताई, साक्षगंधात रिकामी खुर्ची काढणारा हा गाढव शूटिंगवाला कोण?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "तुम्हीच ना भाऊ. म्हणून तं तुमच्याकडं आणली. कॅमेरा चालू ठेवून जेवाले गेलते तुम्ही. घरी रिकामी खुर्ची आली का आम्ही टीव्ही बंद करत होतो."

हॉलमध्ये जो काही हशा उसळला! आमचा सुधाकर, कधी न हसणारा, तोही डोळे पुसत म्हणाला, "मंग कोंबडी काळ नाई का बे?"

नलूताई मात्र पडद्याजवळ गेल्या. "भाऊ, सुरुवातीपासून दाखवता का? बाबा अजून असतीन."

मी जपून फीत मागे घेतली. हार आले, तुरे आले, नवरदेवाचे मामा आले, बुंदीची परात तर मी दोनदा काढलेली. बाबा कुठेच नाहीत! मुलीचा बाप तो, कॅमेऱ्यासमोर कशाला उभा राहतोय? आणि विल्या? तो दुसऱ्या डबीत, भिंतीवरचं ऊन बघत सुखरूप होता.

पुन्हा खुर्ची आली. बाबा टेकले. नलूताई हात जोडून बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "ताई, चुकलंच माझं."

"चुकलं काऊन? बरं झालं तुम्ही जेवाले गेलते. कॅमेऱ्यामांगं असते तं इथंही मामाच दिसले असते!"

घ्या! जन्मभर कॅमेरा धरला, आणि माझ्या हातून एकच धड काम झालं तेव्हा मी पंगतीत बसून बुंदी मागत होतो.